नकाराची मुभा : अहिल्यानगर जिल्ह्यातील कामाची ठिकाणे आणि चांगल्या वरिष्ठाचा प्रश्न

चांगला वरिष्ठ कोणाला म्हणावे आणि कामाचे ठिकाण समाधानाचे कशाने होते, या प्रश्नावर गेल्या शंभर वर्षांत झालेले बहुतेक लेखन कारखाना आणि कचेरी या दोन जागा डोळ्यांसमोर ठेवून झालेले आहे. म्हणजे अशा जागा, जिथे माणूस ठरल्या वेळी आत जातो, ठरल्या वेळी बाहेर पडतो, त्याचे नाव हजेरीपटावर असते आणि आपल्या वर कोण आहे हे त्याला नेमके ठाऊक असते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अशा जागांची वाण नाही, परंतु त्यांच्या शेजारी, आणि पुष्कळदा त्यांच्याच आश्रयाने, कामाच्या अशाही जागा आहेत की जिथे वरिष्ठ चांगला की वाईट हे विचारण्याआधी तो आहे तरी कोण, हेच शोधावे लागते. साखर कारखान्याचा कायम कामगार, त्याच कारखान्याचा ऊस तोडणारे जोडपे, घराच्या ओट्यावर बिडी वळणारी स्त्री, डोंगराळ गावातला प्राथमिक शिक्षक आणि जामखेड तालुक्यातली ग्राम आरोग्य सेविका यांच्या कामाची एकत्र तुलना केली तर या प्रश्नाची जी बाजू पुढे येते, ती वरिष्ठाच्या स्वभावगुणांच्या याद्यांत सहसा सापडत नाही.

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा पाण्याने दुभंगलेला आहे. उत्तरेकडील कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर या तालुक्यांना गोदावरीच्या आणि प्रवरेच्या कालव्यांचे पाणी मिळाले; 1926 मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाने प्रवराकाठी उसाचे बारमाही पीक शक्य केले आणि उसामागे साखर कारखाने आले. दक्षिणेकडील व पूर्वेकडील पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत हे तालुके पर्जन्यछायेत राहिले आणि तेथील माणसे हंगामात हातात कोयता घेऊन बाहेर पडू लागली. यामुळे मालक आणि मजूर हे दोन्ही पक्ष एकाच जिल्ह्याच्या नकाशावर, एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर सापडतात, ही अभ्यासकाच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

जिल्ह्याकडे वळण्यापूर्वी या विषयावरील जगातल्या विचाराचा ओघ थोडक्यात पाहणे उपयोगी ठरेल. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात 1924 ते 1932 या काळात जे प्रयोग झाले, त्यांचा एल्टन मेयो आदींनी लावलेला अर्थ असा की, कामगारांकडे कोणी तरी लक्ष देते आहे ही जाणीवच त्यांच्या कामात फरक पाडते. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले, तरी ‘मानवी संबंध’ नावाची विचारशाखा त्यातून उभी राहिली. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये असे मांडले की, पगार, जागा, पर्यवेक्षण यांतील उणिवा असमाधान निर्माण करतात खऱ्या, पण त्या भरून निघाल्याने समाधान आपोआप येत नाही. ते कामातल्या कर्तबगारीतून आणि जबाबदारीतून येते. रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये याला वेगळे वळण दिले : कामाचा ताण हा केवळ कामाच्या ओझ्याने येत नाही, तर ओझे जास्त आणि ते कसे उचलायचे हे ठरवण्याची सत्ता कमी, या जोडीने येतो. मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनच्या सरकारी नोकरांचा दीर्घकाळ जो अभ्यास केला, त्यात वरच्या साहेबापेक्षा खालच्या पायरीवरील कारकून-शिपायांत हृदयविकार अधिक आढळला आणि कामावर ताबा नसणे हे त्यामागचे एक प्रमुख कारण दिसले. साहेबाला जबाबदारीचा भार असतो म्हणून त्याचेच हृदय आधी खचते, ही सर्वसाधारण समजूत त्यामुळे उलटीपालटी झाली.

या सर्वांपेक्षा प्रस्तुत विषयाला अधिक लागू पडणारी मांडणी अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांच्या 1970 मधील ग्रंथात आढळते. एखाद्या संस्थेचा कारभार बिघडला तर तिच्यातील माणसापुढे दोन वाटा असतात, सोडून जाणे किंवा बोलून दाखवणे. आणि निष्ठेची भावना या दोहोंतील निवडीवर परिणाम करते, असे त्यांचे म्हणणे होते. ही मांडणी वरिष्ठाला लावली तर कसोटी सोपी होते. ज्याच्या हाताखालच्या माणसाला पोट न गमावता सोडून जाता येते किंवा तोंडावर ‘नाही’ म्हणता येते, तो वरिष्ठ स्वभावाने रुक्ष असला तरी सुसह्य होतो. आणि जिथे या दोन्ही वाटा बंद असतात, तिथे प्रेमळ वरिष्ठाचे प्रेमदेखील त्याच्या मर्जीवर राहते. जिल्ह्यातील उदाहरणे पाहताना हीच कसोटी हाताशी ठेवलेली बरी.

साखर कारखान्यांपासून आरंभ करणे क्रमप्राप्त आहे. सहकाराच्या आधी या भागात खासगी कारखाने होते : हरेगावची बेलापूर कंपनी, साकरवाडी आणि लक्ष्मीवाडी येथील गोदावरी शुगर मिल्स. स्वतःच्या हजारो एकर शेतीसह उभ्या असलेल्या या कंपन्यांची वसाहत हे एक स्वतंत्र राज्यच होते. कामगाराचे घर, दवाखाना, मुलांची शाळा, किराणा हे सारे कंपनीच्या आवारात असे. महाराष्ट्रात या पद्धतीचा आदर्श म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानात वसवलेल्या किर्लोस्करवाडीचे नाव घेतले जाते, जिथे शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही विश्वासाने काम दिले गेले. अशा मालकाला मराठीत ‘मायबाप’ म्हणण्याची रीत होती, आणि तिच्यात कृतज्ञता जितकी होती तितकीच अगतिकताही होती. कारण नोकरी गेली की घर, शाळा आणि दवाखाना एकाच दिवशी जात असे. सोडून जाण्याची वाट मालकाच्या वाईटपणाने बंद झालेली नव्हती. ती त्याच्या चांगुलपणानेच बंद केली होती, ही या पद्धतीतील गुंतागुंत तिचे गोडवे गाताना नजरेआड होते. कॉम्रेड दत्ता देशमुख आणि लाल निशाण पक्षाच्या कार्यकर्त्यांनी जिल्ह्यातील साखर व शेतमजुरांत संघटना बांधल्या, तेव्हा त्यांना मालकाच्या जुलमाइतकेच या उपकारांच्या ओझ्याशी झगडावे लागले असणार.

लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950 च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले. सावकाराच्या आणि खासगी कारखानदाराच्या हातून शेतकऱ्याची सुटका करणे हा त्यामागचा हेतू होता व तो बऱ्याच अंशी साधला. परंतु सहकारी कारखान्यात मालकी सभासदांची, म्हणजे ऊस उत्पादकांची असते. चेअरमन आणि संचालक मंडळ त्यांच्या मतांवर निवडून येते, आणि कामगाराला कामगार म्हणून त्या निवडणुकीत स्थान नसते. व्यवहारात मात्र कामगार हा पुष्कळदा सभासदाचाच मुलगा, पुतण्या किंवा भावबंद असतो. त्यामुळे कारखान्यातील वरिष्ठ-कनिष्ठ संबंधांत एक चमत्कारिक दुहेरीपण येते : पाळीवर आलेला फिटर कार्यकारी संचालकापुढे नोकर असतो, पण निवडणुकीच्या वर्षी त्याच्या वाड्यावर चेअरमन स्वतः येतो. बोलून दाखवण्याची वाट येथे उघडी असते ती नात्यागोत्यातून आणि गटातटातून; ज्याचा गट सत्तेत नाही त्याच्यासाठी ती अरुंद होते आणि भरती, बढती, खात्याची बदली यांत त्याचा प्रत्यय येतो.

तरीही या कायम कामगाराची स्थिती तुलनेने भक्कम राहिली, आणि त्याचे श्रेय कोणा एका चेअरमनच्या उदारपणाला देता येत नाही. साखर धंद्यासाठी 1957 मध्ये पहिले केंद्रीय वेतन मंडळ नेमले गेले आणि पुढे महाराष्ट्रात शासन, कारखाने व कामगार संघटना यांच्या त्रिपक्षीय समित्यांतून वेतनश्रेणी ठरत आली. हंगामी कामगाराला, म्हणजे गाळपाच्या चार-सहा महिन्यांपुरतेच काम असलेल्याला, बिगर हंगामाच्या काळात ‘रिटेन्शन अलाउन्स’ म्हणजे थोपवून ठेवण्याचा भत्ता देण्याची तरतूद यातूनच रूढ झाली. पुढच्या हंगामात हाच माणूस पुन्हा लागणार आहे, तेव्हा रिकाम्या महिन्यांतही त्याच्याशी असलेले नाते तोडायचे नाही, हा त्यामागील विचार. जिथे कारखाना आजारी पडला, महिनोन्‌महिने पगार थकले आणि भविष्य निर्वाह निधीचा भरणा राहून गेला, तिथे हे सारे कागदावर राहिले हेही खरे. अशा कारखान्यांच्या फाटकासमोरची उपोषणे जिल्ह्याला नवी नाहीत. पगार थकवणाऱ्या व्यवस्थापनाच्या बाबतीत वरिष्ठाच्या वागणुकीची चर्चा करण्यात हशील नसते, कारण हर्झबर्ग ज्याला असमाधानाची कारणे म्हणतात त्यांतील पहिले कारणच तिथे दूर झालेले नसते.

याच कारखान्यांच्या गव्हाणीत पडणारा ऊस जे तोडतात त्यांच्याकडे वळले की दृश्य पार बदलते. ऊसतोडीची साखळी साधारण अशी असते : कारखाना तोडणी-वाहतूक कंत्राटदाराशी करार करतो आणि त्याला उचल, म्हणजे हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम, मिळवून देतो, कंत्राटदार ती मुकादमाला देतो, मुकादम गावोगाव फिरून जोडप्यांना वाटतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, म्हणजे दोन माणसांच्या श्रमाचे एकक हत्याराच्या एकवचनी नावाने मोजले जाते आणि हिशेब पुरुषाच्या नावे लिहिला जातो. हंगामभर टनावर मजुरी चढते, ती उचलीतून वळती होते, आणि उचल फिटली नाही तर उरलेली बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते. फडात, म्हणजे तोडणी चाललेल्या शेतात, कारखान्याचा शेतकी विभागाचा कर्मचारी किंवा चिठ्ठी देणारा चिटबॉय दिसतो, पण मजूर आपला आहे असे कारखाना म्हणत नाही. कंत्राटदार मुकादमाकडे बोट दाखवतो. आणि मुकादम, जो बहुधा मजुरांच्याच गावचा, पुष्कळदा त्यांच्याच जातीचा आणि एके काळी स्वतः कोयता चालवलेला असतो, तो आपणही कंत्राटदाराचे देणे लागतो असे सांगतो.

मुकादमाकडे केवळ खलपुरुष म्हणून पाहणे सोपे असले तरी ते अपुरे आहे. व्यवस्थापनशास्त्र ज्याला पहिल्या फळीचा पर्यवेक्षक म्हणते, तो हाच. कामगाराचा दिवस कसा जाईल हे सर्वाधिक ठरवणारा आणि वरून सर्वाधिक दाबला जाणारा. टोळीतील कोणाचे मूल आजारी पडले तर रात्री मोटारसायकलवर दवाखान्यात नेणारा मुकादमच असतो, पोलिसांचे, शेतमालकाचे, कारखान्याचे प्रश्न तोच मिटवतो, आणि लग्नाला पैसे कमी पडले तर तोच देतो. तोच, टोळी मध्येच निघून जाऊ नये म्हणून, माणसांना अडवूनही ठेवतो; अशा प्रकरणांत पोलिसांत तक्रारी होतात आणि त्या दोन्ही बाजूंनी होतात, कारण उचल घेऊन न आलेल्या किंवा पळून गेलेल्या टोळ्यांमुळे कर्जबाजारी झालेले मुकादमही आहेत. एकाच माणसात उपकारकर्ता आणि पहारेकरी एकवटतात, याचे कारण त्याच्या स्वभावात शोधण्यापेक्षा उचलीत शोधावे लागते. उचल सोडून जाण्याची वाट बंद करते, आणि ती बंद झाली की बोलून दाखवण्याला मोल उरत नाही.

याची सर्वांत बोलकी खूण म्हणजे खाडा. एखाद्या दिवशी जोडप्यातील एक जण कामावर आला नाही तर मजुरी तर बुडतेच, वर दंडही बसतो; त्या दंडाला आणि त्या गैरहजेरीला खाडा म्हणतात. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी 1890 मध्ये मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशनच्या प्रयत्नांनी. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्याच राज्यात आजारपणाला दंड आकारणारी कामाची जागा टिकून आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांत गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण 2019 मध्ये उघड झाले, तेव्हा विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या शस्त्रक्रियांमागे खासगी दवाखान्यांचा लोभ, अपुरे आरोग्यशिक्षण आणि कोपीतल्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीतल्या, पाण्यावाचूनच्या राहणीतून होणारे आजार अशी अनेक कारणे होती. परंतु मासिक पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही हे त्यांच्या मुळाशी होते. पहाटे उठून भाकरी करायची, दिवसभर मोळ्या वाहायच्या, रात्री गाडी भरायची आणि पुन्हा पहाट, अशा दिनक्रमात कॅरासेक यांच्या दोन्ही अटी, ओझे जास्त आणि ताबा शून्य, टोकाला गेलेल्या दिसतात. मुले बरोबर असतात. त्यांच्यासाठीच्या साखरशाळा काही ठिकाणी चालल्या, अनेक ठिकाणी चालल्या नाहीत.

या क्षेत्रात जी थोडी सुधारणा झाली ती संघटनेच्या जोरावर. पाथर्डीचे बबनराव ढाकणे आणि पुढे बीडचे गोपीनाथ मुंडे यांनी कोयता बंद ठेवण्याचे हत्यार वापरले. हंगामाच्या तोंडावर टोळ्या निघाल्याच नाहीत तर कारखान्याचे धुराडे पेटत नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यातून कारखान्यांचा साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात लवादाची पद्धत रुळली, आणि जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले असून मजुरांची नोंदणी आणि ओळखपत्रे हे त्याचे पहिले काम आहे. ओळखपत्र ही वरवर क्षुल्लक बाब वाटते. पण ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही, त्या माणसाला आपण कोणासाठी काम करतो हे लेखी सांगता येण्याची ती सुरुवात ठरू शकते. लवादात मात्र बहुतेक चर्चा दराची आणि मुकादमाच्या कमिशनची होते. खाडा, शौचालय, पिण्याचे पाणी, स्त्रीच्या नावाने स्वतंत्र हिशेब हे विषय मागे राहतात, आणि ते मागे राहण्याचे एक कारण असे की टेबलाभोवती बसणाऱ्यांत कोयत्याचा अर्धा भाग असलेली स्त्री क्वचितच असते.

बिडी उद्योगाचा उल्लेख थोडक्यात करता येईल. नगर शहरातील पद्मशाली वस्त्यांत आणि संगमनेर परिसरात हे काम मुख्यतः स्त्रिया घरी करतात. कारखान्यातून किंवा ठेकेदाराकडून पाने व तंबाखू आणायची, हजारावर मजुरी घ्यायची. येथे वरिष्ठ दिवसभर डोक्यावर नसतो, हे स्वातंत्र्य अनेकींना मोलाचे वाटते. परंतु माल जमा करताना तो एकदम प्रकट होतो, ‘छाट’ काढणाऱ्याच्या रूपाने, म्हणजे सदोष म्हणून बिड्या बाजूला काढणाऱ्या माणसाच्या रूपाने. छाट किती निघेल हे त्याच्या हातावर असते. बिडी व सिगार कामगारांसाठी 1966 मध्ये केलेल्या कायद्याने आणि त्याखालील नियमांनी या अधिकाराला मर्यादा घातली. काम घरात असले तरी वरिष्ठाची लहर ज्या एका ठिकाणी चालते ते ठिकाण कायद्याने नेमके हेरले, ही गोष्ट दखल घेण्याजोगी आहे.

वरिष्ठाची लहर आटोक्यात आणण्याचा दुसरा प्रयोग शासकीय नोकरीत झाला. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाच्या आयुष्यात बदली ही पगारवाढीहून मोठी घटना असते, विशेषतः ज्या जिल्ह्यात एका टोकाला अकोले तालुक्यातील आदिवासी डोंगराळ पाडे आणि दुसऱ्या टोकाला शहरालगतच्या सोयीच्या शाळा आहेत तिथे. बदली ज्याच्या हाती, तो खरा साहेब. आणि साहेबाला प्रसन्न ठेवणे हे अध्यापनाइतकेच महत्त्वाचे कौशल्य बनते. फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयाने या बदल्या संगणकीय पद्धतीने, सेवेची वर्षे, अवघड व सर्वसाधारण क्षेत्र, आजारपण, पती-पत्नी एकत्रीकरण असे निकष लावून करण्याचे ठरले. निकषांबद्दल वाद झाले, पसंतीच्या जागेवरून उठवले गेलेल्यांनी आंदोलने केली, खोट्या प्रमाणपत्रांच्या तक्रारी आल्या. परंतु तक्रारींचे स्वरूप बदलले हे महत्त्वाचे. पूर्वी तक्रार माणसाविरुद्ध करावी लागे आणि म्हणून ती केली जात नसे. आता ती नियमाविरुद्ध करता येऊ लागली. संगणक दयाळू नसतो आणि खरोखर अडलेल्या शिक्षिकेला समजून घेणारा एखादा सहृदय अधिकारीही या पद्धतीत हतबल होतो, ही तिची किंमत आहे. ती मोजण्याजोगी आहे असे येथे मत नोंदवले तर ते सहृदय अधिकाऱ्यांवर अन्यायकारक ठरेल, पण त्यांच्या हाताखाली नसलेल्या शिक्षकांवर नाही.

आता त्या उदाहरणाकडे, जे या आढाव्यात सर्वांत अनपेक्षित आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 मध्ये जामखेड येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. जामखेड हा कायम दुष्काळी आणि ऊसतोडीला माणसे पुरवणारा तालुका. आरंभी खेड्यांत प्रशिक्षित परिचारिका पाठवण्याचा प्रयत्न झाला, पण बाहेरून आलेली एकटी तरुण स्त्री गावात रुजत नाही आणि गाव तिचे ऐकत नाही असा अनुभव आला. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी आणि तिला प्रकल्पाने शिकवावे असा मार्ग काढला गेला. निवडल्या गेलेल्या स्त्रियांत निरक्षर होत्या, दलित होत्या, टाकलेल्या आणि विधवा होत्या. बाळंतपण, जुलाबात क्षारपाणी, कुष्ठरोग व क्षयरोग ओळखणे, बालकांचा आहार हे त्यांनी शिकून गावात नेले, बालमृत्यू मोठ्या प्रमाणात घटले, आणि प्राथमिक आरोग्यसेवेच्या जागतिक चर्चेत जामखेडचे नाव घेतले जाऊ लागले. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आरोग्याच्या दृष्टीने या प्रकल्पावर भरपूर लिहिले गेले आहे; कामाची जागा म्हणून त्याकडे कमी पाहिले गेले. रुग्णालय ही मुळात अत्यंत उतरंडीची संस्था असते : डॉक्टर, परिचारिका, आया, आणि प्रत्येकाने फक्त वरून खाली बोलायचे. जामखेडमध्ये ही उतरंड मोडण्यासाठी उपदेश झाला तो झालाच, पण त्याहून निर्णायक ठरली ती ज्ञानाची वाटणी. सेविका ठरल्या दिवशी केंद्रावर येत, एकत्र बसत, एकत्र जेवत, गावात काय घडले ते सांगत आणि त्यावरून पुढचे शिक्षण ठरे. जातीपातीने एरवी वेगळ्या पंक्तीत बसणाऱ्या स्त्रियांसाठी हे बसणेच मोठे होते. डॉक्टरला गावातले काही माहीत नसते आणि सेविकेला असते, हे एकदा मान्य झाले की बोलण्याची दिशा उलटते. पुढे तर देशविदेशातून शिकण्यासाठी येणाऱ्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना याच सेविका शिकवू लागल्या. एमी एडमंडसन या संशोधिकेने 1990 च्या दशकात अमेरिकन रुग्णालयांतील औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास करताना असे पाहिले की, चांगल्या नेतृत्वाखालच्या विभागांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. त्या प्रत्यक्षात जास्त घडत होत्या म्हणून नव्हे, तर त्या सांगायला तिथे भीती वाटत नव्हती म्हणून. ज्या मोकळेपणाला तिने पुढे ‘मानसिक सुरक्षितता’ असे नाव दिले, त्याचा पाया जामखेडमध्ये त्यापूर्वी दोन दशके घातला गेला होता. आणखी एक गोष्ट दुर्लक्षिता येत नाही : सेविकेची निवड गावाने केलेली असल्यामुळे आणि तिची उपजीविका मुख्यत्वे प्रकल्पाच्या पगारावर उभी नसल्यामुळे, डॉक्टर तिला हाकलून देऊ शकत नव्हता. ज्या थरातून आणि ज्या तालुक्यांतून अर्ध्या कोयत्यांची भरती होते, त्याच थरातल्या बायका येथे नकार देऊ शकत होत्या, प्रश्न विचारू शकत होत्या, आणि त्यांचे गुण तेव्हाच दिसू लागले.

या यशाची दुसरी बाजूही आहे. पगारावर अवलंबून नसणे हे जामखेडमध्ये स्वातंत्र्य ठरले, परंतु तेच तत्त्व शासनाने देशभर उचलले तेव्हा त्याचा अर्थ पालटला. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 2005 नंतर उभ्या राहिलेल्या आशा योजनेत गावातील स्त्री घेतली गेली, पण तिला ‘स्वयंसेविका’ म्हणून कामागणिक मोबदल्यावर ठेवले गेले. तिला नोंदवह्या भरायला लावणारे, बैठकीला बोलावणारे, लक्ष्य देणारे वरिष्ठ अनेक. मात्र तिचा मालक म्हणून सही करणारा कोणी नाही. ऊसतोडीतील साखळीचे हे सरकारी रूप म्हणावे लागेल. महाराष्ट्रातील आशांनी जून 2021 मध्ये आणि पुन्हा 2023 च्या अखेरीस संप केले, त्यांत मानधनाच्या आकड्याइतकीच ही मागणी होती की आपल्याला कर्मचारी म्हणा. कामाचे समाधान त्यांच्याकडे भरपूर आहे. गावातील बाळंतपण सुखरूप झाल्याचे समाधान हर्झबर्ग म्हणतात त्या कर्तबगारीच्या समाधानाहून कमी नसेल. ते समाधान व्यवस्थेने वेतनाच्या जागी चलन म्हणून वापरावे, यावरच त्यांचा आक्षेप आहे.

नगर शहराजवळची औद्योगिक वसाहत आणि पारनेर तालुक्यातील सुपे येथील नवी वसाहत यांविषयी फार वेगळे सांगण्यासारखे नाही. 1972 मध्ये ‘लुना’ बाजारात आणणाऱ्या कायनेटिक इंजिनीयरिंगने शहराला मोठ्या यंत्रकामाची ओळख करून दिली आणि एक पिढी कायम नोकरीवर घरे बांधून स्थिरावली. आजच्या कारखान्यांत त्याच पट्ट्यावर, तेच काम करणारे कायम व कंत्राटी असे दोन वर्ग शेजारी उभे असतात आणि कंत्राटी मुलाला ‘तुमचे साहेब कोण’ विचारले तर कंत्राटदाराचे नाव येते, पट्ट्यावर हुकूम देणाऱ्याचे नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या चार कामगार संहितांनी कारखाना, कंत्राटी, स्थलांतरित आणि बिडी कामगारांचे जुने कायदे एकत्र गुंफले आहेत. त्यांतून मालक कोण या प्रश्नाचे उत्तर अधिक स्पष्ट होते की अधिक पुसट, हे त्यांखालील नियमांवर आणि तपासणीवर ठरेल.

दरम्यान ऊसपट्ट्यात परिस्थिती वेगळ्याच दिशेने हलू लागली आहे. दुष्काळी तालुक्यांतील तरुण शिकून पुण्याच्या गोदामांत, वाहन कारखान्यांत आणि सुरक्षारक्षकाच्या कामांत जाऊ लागले, टोळ्या कमी पडू लागल्या, उचलीच्या रकमा फुगल्या, आणि हंगामाच्या आरंभी मजुराने मुकादमाची मनधरणी करण्याऐवजी मुकादमानेच मजुराच्या दारात बसावे असे प्रसंग वाढले. सोडून जाण्याची वाट किलकिली झाली आहे. तिला कारखान्यांचे उत्तर ऊसतोडणी यंत्र हे आहे. शासन त्याच्या खरेदीला अनुदान देते आणि सपाट, रुंद सरीच्या शेतात ते चांगले चालते. लहान तुकड्यांत आणि आडवळणी फडांत अजून कोयताच लागतो. ज्यांना शहरात जाणे जमत नाही, अशा वयस्क आणि निरक्षर जोडप्यांच्या वाट्याला हे उरलेले फड येऊ लागले आहेत, आणि त्यांच्याच हिशेबात खाड्याची वजावट अजून चालू आहे.